भाकरीच्या ओट्यामागचं दार

डोंबिवली पूर्व
७ फेब्रुवारी २०२५

करिश्मा,

तू मला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. कोपरीच्या तुझ्या आईचा, शालूकाकींचा, पत्ता मला पाठ आहे. तू आता अलिबागला हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवतेस असं कळलं. त्या पाकीट तुझ्या हातात देतील असं धरून लिहितेय.

‘आजचं ताट’ मी अजून चालवते. आपण दोघींनी सुरू केलेलं खाण्याच्या व्हिडिओंचं पान आता एकटीचं आहे, एवढंच. आठवडाभर ठाण्याला बँकेचं ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी खाणं. गेल्या महिन्यात कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एका घरगुती खानावळीत वालाचं बिरडं खाल्लं. वाल नीट सोललेले, अख्खे, आणि वर नुसतं ओलं खोबरं. तू असतीस तर दुसरी वाटी मागितली असतीस. मानपाडा रोडला एक नवीन डोसेवाला आलाय, त्याच्या चटणीला लोक रांग लावतात. मला ती पाणचट वाटली, पण व्हिडिओत तसं म्हटलं नाही. तुझ्या जागी आता कोणी नाही, त्यामुळे ‘खोटं बोलू नकोस’ म्हणणारंही कोणी नाही.

तू पेपर वाचला असशील. वागळे इस्टेटमधलं विकीचं हॉटेल, जुन्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावरचं, रविवारी दुपारी पेटलं. पावणेदोनची वेळ, हॉल भरलेला. किचनमध्ये तेलाने पेट घेतला आणि धूर जिन्यात शिरला. अकरा जणांच्या छातीत धूर गेला, त्यातले दहा घरी आलेत. अकरावी मीराबाई, ती भाकऱ्या थापणारी. ती अजून बेशुद्ध आहे.

त्या हॉटेलचा आपला व्हिडिओ लोकांनी परत वर काढलाय. खाली विचारतायत, तुम्ही तर आत फिरून आलेलात, तुम्हाला काही दिसलं नव्हतं का.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. त्या दिवशीचं मूळ शूटिंग माझ्याकडे नाही, लॅपटॉप बदलला त्यात गेलं. तुझ्याकडे कार्ड असेल तर मला कळव, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. आणि कोणी विचारलंच, तर आपण दोघी एकच सांगू या. आपण पुढच्या टेबलावर बसून जेवलो, मागे ओट्याकडे पाच मिनिटं भाकरीचं शूट केलं आणि निघालो. बाकी काही पाहिलं नाही.

एवढं माझ्यासाठी कर. नंतर नाही बोललीस तरी चालेल.

शिवानी


डोंबिवली पूर्व
१२ फेब्रुवारी

करिश्मा,

शालूकाकींचा फोन आला. म्हणाल्या, “तुजा कागूद दिला तिला. वाचलान तिनं. बोलत नाय काय.” मी विचारलं, रागावली का. त्या म्हणाल्या, जेवली नाही त्या दिवशी. मग त्यांनीच मला विचारलं की तू जेवतेस ना. तुझ्या आईने माझ्यावर राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

पोलिसांनी वीस तारखेला बोलावलंय. साक्षीदार म्हणून, असं फोनवर म्हणाले. जे काही रेकॉर्डिंग असेल ते घेऊन या.

काल विकी भेटला. त्याने फोन करून सांगितलं, तुला त्रास नको, मीच डोंबिवलीला येतो, जेवता जेवता बोलू. फडके रोडच्या मागच्या गल्लीतलं ते मालवणी हॉटेल आठवतं ना, आपण तिसऱ्या की चौथ्या व्हिडिओला गेलेलो? तिथे तो माझ्या आधी येऊन बसला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. दोन लोकांना त्याने स्वतः जिन्यातून ओढून काढलं, हे खरं आहे, पेपरातही आलंय. डोळे सुजलेले. त्याने मला न विचारता माझ्यासाठी कोळंबीचं ताट सांगितलं आणि स्वतः डाव्या हाताने सावकाश जेवत राहिला.

म्हणाला, मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून आता सगळे त्याच्या मागे लागलेत. पण त्या दाराची चावी मीराबाईकडे असायची. सकाळी तीच उघडायची, तीच लावायची. त्या दिवशी उघडायला विसरली. ती बिचारी आता बोलू शकत नाही, म्हणून हे आपण नीट सांगितलं पाहिजे.

मी म्हटलं, मला चावीचं काही माहीत नाही.

“तेच तर म्हणतोय मी. तुमच्या व्हिडिओत दार कुठेच नाही. म्हणजे तुम्हाला ते दिसलंच नाही. सरळ आहे.” मग त्याने विचारलं की बाबा कसे आहेत, तळमजल्यावर राहतात ते बरं आहे, या वयात जिने नकोत. मी त्याला बाबांबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही, करिश्मा. आमची बिल्डिंग कुठली हेही नाही.

कोळंबी मी संपवली. ताट पुढ्यात असताना हात थांबत नाही, इतक्या वर्षांची सवय. चव विचारशील तर सांगता येणार नाही. त्याच्या पाठीमागे हॉटेलचं दुसरं दार होतं आणि त्या दारासमोर थंड पेयांचं कपाट लावलेलं होतं. मी सगळा वेळ त्या कपाटाकडे बघत होते.

घरी आल्यावर आपण सुचवलेल्या जागांची यादी काढली. एकशे बारा आहेत. आज ऑफिसातून लवकर निघून ठाण्यातल्या तीन बघितल्या. आत जायचं, चहा घ्यायचा आणि मागे कुठून निघता येतं ते बघायचं. मिसळवाल्याकडे मागचं दारच नाही. कोपरीच्या दाल-पक्वानवाल्याकडे आहे आणि उघडं असतं, गल्लीत त्याची मुलं खेळत होती. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजरने विचारलं, मॅडम, टॉयलेट शोधताय का. मी हो म्हटलं.

तुझं उत्तर आलं नाही तर मी वीस तारखेला काय सांगायचं ते माझं मी ठरवेन.

शिवानी


डोंबिवली पूर्व
१६ फेब्रुवारी

करिश्मा,

मूळ शूटिंग माझ्याकडे आहे. कधी गेलंच नव्हतं. कपाटात साड्यांच्या खाली हार्ड डिस्क आहे, त्यात सगळं आहे. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तुझ्याकडे कार्ड आहे का, एवढंच मला काढून घ्यायचं होतं.

काल ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. मीराबाईला बघावं आणि ती बरी होतेय असं दिसावं, बहुतेक एवढंच. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर तिची मुलगी बसलेली. समृद्धी नाव, बाविसेक वर्षांची, वागळेलाच एका कंपनीत पॅकिंगला आहे. मी नुसतं विचारलं, पेशंट कशा आहेत, आणि तिने मान वर केली. चेहरा नाही, आवाज ओळखला तिने माझा. म्हणाली, आई तुमचा व्हिडिओ चाळीत सगळ्यांना दाखवायची. ‘मीराबाईंच्या हाताची भाकरी कागदासारखी पातळ आणि तरी मऊ’, हे वाक्य तिला पाठ होतं.

मग तिने सांगितलं की चाळीतले लोक तिच्याशी बोलायचे थांबलेत. विकीच्या माणसांनी सगळीकडे पसरवलंय की मीराबाईच्या विसरभोळेपणाने आग जीवावर आली. समोरच्या खोलीतली बाई तोंडावर म्हणाली, तुझ्या आईने लोकांना कोंडून मारलं असतं. ती हे सांगताना रडली वगैरे नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती.

“ताई, तुम्ही तिथे आत गेलेलात. चावी आईकडे असायची का?”

मी म्हटलं, मला आठवत नाही.

ती म्हणाली, बरं. मी तिच्या शेजारी अजून दहा मिनिटं बसून राहिले. त्या दहा मिनिटांत कधीही बोलता आलं असतं.

घरी येऊन हार्ड डिस्क लावली. तुला सगळं आठवत असणार, तरी लिहिते, कारण मी ते आजवर कोणापुढेही बोललेले नाही. मीराबाई भाकरी थापतेय. तू कॅमेरा तिच्या हातावरून हळूच वर नेतेस, आणि मागे ते लोखंडी दार, त्यातच बसवलेलं कुलूप, पुढे कांद्याची पोती. तू विचारतेस, हे दार कुठे उघडतं. विकी म्हणतो, मागच्या जिन्याला. स्टाफ इथून सटकतो ना, म्हणून बंद ठेवतो. आणि तो पँटच्या खिशावर थाप मारतो. “चावी माझ्याकडे. माझ्याशिवाय कोणी हलत नाही.” तू विचारतेस, आणि आग लागली तर? तो हसतो. ताई, जेवायला आलाय, शुभ बोला.

मग माझा आवाज येतो. “करिश्मा, हे कट कर प्लीज. प्रकाश जातोय.”

तीनदा ऐकलं. मी चिडलेली नाही, घाबरलेली नाही. मला फक्त खिडकीतला उजेड जायच्या आत भाकरीचा शॉट हवा होता.

तू गाडीत बसल्यावर म्हणालेलीस, दार दाखव, नाहीतर व्हिडिओ टाकू नकोस. मी म्हटलं, आपण खाण्याबद्दल बोलतो, इन्स्पेक्टर नाही आहोत. व्हिडिओ टाकला आणि तू गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं की करिश्माला अलिबागला चांगली नोकरी मिळाली. लोक तुझं अभिनंदन करायचे आणि मी खाली हार्ट टाकायचे.

मी ऐकत असताना बाबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, “हा शेवटचा आवाज तुझा आहे?” मी हो म्हटलं. मला वाटलेलं ते म्हणतील, उद्याच जा आणि देऊन ये. चाळीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. ते म्हणाले, “हे कुणाला दाखवू नकोस. परवा दुपारी एक गृहस्थ आले होते. तुझे मित्र म्हणाले. चहा घेतला, घरात कोण कोण असतं ते विचारलं आणि गेले. तुला काळजी नको म्हणून बोललो नव्हतो.” त्यांनी स्वतः डिस्क काढून परत साड्यांखाली ठेवली.

अजून चार दिवस आहेत.

शिवानी


ठाणे स्टेशन, बाहेरच्या उडप्याकडे
२० फेब्रुवारी, दुपारी

करिश्मा,

घरी जायच्या आत लिहितेय, म्हणजे काही गाळलं जाणार नाही. समोर इडली आहे, गार झालीय.

बाबांना सांगितलं नाही. ते आंघोळीला गेल्यावर डिस्क पर्समध्ये टाकली आणि निघाले.

चौकीत एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी तो तुकडा एकदा पूर्ण बघितला, मग मागे नेऊन परत बघितला, मग आवाज वाढवून तिसऱ्यांदा. विकीच्या खिशावरच्या थापेपाशी थांबवून त्यांनी तारीख लिहून घेतली. मग विचारलं, हे कापायला कोण सांगतंय? मी म्हटलं, मी. त्यांनी तेही लिहिलं. त्यांनी मान वर केली नाही, याचं मला बरं वाटलं.

मग विचारलं, प्रश्न विचारणारा आवाज कोणाचा. तुला यात ओढायचं नाही असं मनाशी ठरवून गेलेले. पण त्या म्हणाल्या, या बाईंनी तेव्हाच हटकलेलं दिसतंय, त्यांची साक्ष लागेल. मी तुझं नाव दिलं, अलिबागच्या कॉलेजाचं नावही दिलं. तुला न विचारता. तुला फोन येईल तेव्हा तो कशाबद्दल आहे हे तुला आधी माहीत असावं, म्हणून हे पत्र आज कुरियरने जाईल.

बाहेर व्हरांड्यात विकी उभा होता. त्यालाही बोलावलं होतं. माझ्या हातातली डिस्कची पावती बघूनच त्याला कळलं. मला वाटलं ओरडेल. तो खिडकीच्या गजाला टेकला आणि एकदम हळू बोलायला लागला. म्हणाला, आधी त्याचा हॉल अर्धा रिकामा असायचा, आपल्या व्हिडिओनंतर रविवारी लोक जिन्यात उभे राहायला लागले. म्हणून स्टाफवर जास्त लक्ष ठेवायला लागलं, म्हणून दार कायमचं बंद. मग तो म्हणाला, “मी मागच्या जिन्याने गेलेलो मीराबाईकडे. आतून ती दार वाजवत होती, मला ऐकू येत होतं. खिशात हात घातला तर चावी नाही. खाली गाडीत राहिलेली.”

आणि तो बँडेजच्या हाताने तोंड झाकून रडायला लागला. आपण त्याला एकेकाळी भाऊ म्हणायचो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते लपवत नाही. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, तिथे थांबले, परत वर आले, आणि आत जाऊन चावी गाडीत होती हेही लिहून दिलं. बाहेर पडताना त्याच्याकडे बघितलं नाही.

त्याने हे मला विश्वासाने सांगितलं का, का त्याच्याने राहवलं नाही म्हणून, ते मला माहीत नाही. पण समृद्धीला मी ‘आठवत नाही’ म्हटलं होतं, आणि आता मला आठवत होतं.

इडलीवाला विचारतोय, दुसरी गरम आणू का. घरी बाबा आहेत. जाते.

शिवानी


डोंबिवली पूर्व
९ मार्च

करिश्मा,

तू साक्ष दिलीस हे त्या अधिकारी बाईंकडून कळलं. तू माझ्याबद्दल काय सांगितलंस ते मी विचारलं नाही.

विकीला अटक झाली, मग जामीन मिळाला. केस चालेल तेवढे दिवस चालेल. पण कागदावर चावी आता त्याच्या नावाने आहे, मीराबाईच्या नाही. समृद्धीला हे मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि मला आधीपासून माहीत होतं हेही. ती म्हणाली, त्या दिवशी बाकड्यावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आपल्या पानावर मी सगळं लिहून टाकलं, काय दिसलं आणि कोणी कापलं. हजारो लोक सोडून गेले. राहिलेल्यांतले अर्धे शिव्या द्यायला राहिलेत. बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि आता बोलतात, पण दुपारीसुद्धा दाराला आतून कडी लावून बसतात. बेल वाजली की आधी मला हाक मारतात. हे माझ्यामुळे झालं आणि मला ते दुरुस्त करता येत नाही.

यादीतल्या एकोणचाळीस जागा बघून झाल्या. आता आडून बघत नाही, सरळ विचारते. काही जण हाकलून देतात. फडके रोडच्या मालवण्याने माझ्यासमोर ते कपाट हलवलं, घामाघूम झाला, आणि वर म्हणाला की आता जेवूनच जा. जेवले. सोलकढी चांगली होती, आणि ती चांगली आहे हे जिभेला कळलं, बऱ्याच दिवसांनी. शिळफाट्याच्या अलीकडे भिवाशेटच्या खानावळीत मागे दारच नाही, नुसती उघडी पडवी आणि पलीकडे शेत. म्हातारा मला म्हणाला, “दार कशाला पायजे? इथून वारा येतो.” आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मीराबाई शुद्धीवर येऊन दहा दिवस झाले. परवा तिला साध्या वॉर्डात आणलं. आवाज पार बसलाय, एकेक शब्द थांबून येतो. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, व्यायामाने थोडी मिटतील, भाकरी थापता येईल असं ते सांगत नाहीत.

मी काल गेलेले. समृद्धीने तिला माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, मावशी, मला दार दिसलेलं. मी दाखवलं नाही. मी माफी मागणार होते, पण तिने बरा हात थोडा उचलला आणि मी थांबले.

“मला पण रोज दिसायचं,” ती म्हणाली. “पाठीलाच होतं.”

समृद्धीने तिला चमच्याने पेज भरवली. तीन-चार चमचे झाल्यावर तिने तोंड फिरवलं, आणि मला वाटलं मला जायला सांगतेय. मी उठले. तेव्हा तिने विचारलं, “ती दुसरी कुठाय? त्याला विचारणारी?”

मी म्हटलं, अलिबागला असते.

“नाव काय तिचं?”

मी सांगितलं. तिने ते एकदा हळूच म्हणून बघितलं. मग समृद्धीला म्हणाली, त्या दिवशी त्या मुलीने विचारलं तेव्हा माझ्या मनात आलेलं की आता हा दार उघडेल.

करिश्मा, ती मला पुन्हा ये म्हणाली नाही. तिने तुझं विचारलं. माझ्याशी बोलू नकोस, मला कळवूही नकोस. भेटायची वेळ चार ते सहा आहे, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट. मी सकाळी ऑफिसच्या आधी समृद्धीकडे पेज देऊन येते. त्या वेळी मी तिथे नसते.

शिवानी